‘इन अ पिकल’ हा वाक्प्रचार कोठून आला?

प्रश्न : अडचणीत सापडलेल्या माणसाबद्दल इंग्रजीत ‘इन अ पिकल’ असे का म्हणतात? हा प्रयोग शेक्सपिअरचाच का?

उत्तर : सहजी न सुटणाऱ्या पेचात सापडणे, असा त्याचा अर्थ आहे, मात्र त्याला किंचित थट्टेचा सूर असल्यामुळे खऱ्या आपत्तीच्या वर्णनात तो शोभत नाही. मूळ शब्द डच ‘पेकेल’शी जोडला जातो, आणि त्याचा अर्थ मांस किंवा भाज्या टिकवण्यासाठी वापरले जाणारे खारे पाणी असा होतो. १६११च्या सुमारास लिहिलेल्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकात राजा अलोन्सो दारू प्यालेल्या ट्रिंक्युलोला ‘तू या पिकलमध्ये कसा?’ असे विचारतो, तेव्हा तो विदूषक, हे पिकल आपल्या हाडांत इतके मुरले आहे की आता (मांस नासवणाऱ्या) माश्यांचीही भीती उरली नाही, असे उत्तर देतो. श्लेष बहारदार आहे, पण जनकत्वाचा मान शेक्सपिअरला देता येत नाही, कारण लाक्षणिक वापर सोळाव्या शतकातील त्याच्या आधीच्या लेखनातही आढळतो. सॅम्युएल पीप्स या इंग्रज सरकारी अधिकाऱ्याने १६६०च्या रोजनिशीत कामगारांमुळे झालेल्या घराच्या दुर्दशेला हाच शब्द वापरला आहे.