कळंगुट-बागाला पहिल्यांदा निघालास?
होय की, जा भावा, पण पहिल्या खेपेला सगळा गोवा बघायच्या नादाला लागू नको. बेळगावातनं चोर्ला घाटानं पहाटेच निघ, आणि शनिवार-रविवार टाळ, आपल्या बेळगावची अर्धी टिळकवाडी तिथंच भेटतीय. गाडी एकदा लावून कळंगुट ते बागा वाळूतनं चालत जा, मी पहिल्यांदा पार्किंग शोधण्यातच संध्याकाळ घालवली, बायको अजून टोमणे मारतीय.

शॅकमध्ये, म्हणजे बीचवरच्या झोपडीवजा हॉटेलात, मासा वजनावर असला तर आधी हातात घेऊन बघ, डोळे चकचकीत नि कल्ले लाल पाहिजेत, भाव ठरवूनच तव्यावर टाकायला सांग. खरेदी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कर, बीचवर नको.

लाल झेंडा दिसला की पाण्यात पाय नको. बीचवर दारूची बाटली पण उघडू नको, दंड बसतोय.