नव्वद दिवसांचा भत्ता संपल्यानंतर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : भोसरी औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी अकरा वर्षे सीएनसी यंत्रावर काम करत होतो. ऑर्डरी कमी झाल्याचे कारण देऊन ऑगस्टअखेर आम्हा चौदा जणांना कमी करण्यात आले. त्या दिवशी हिशेबाच्या कागदांबरोबर आणखी एका छापील कागदावर आमच्या सह्या घेतल्या. त्यावर ‘घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने राजीनामा देत आहे’ असा मजकूर होता. पुढे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून (ईएसआय) तीन महिन्यांचा, अर्ध्या पगाराइतका भत्ता मिळाला. आता तो संपला आहे आणि जिथे जावे तिथे ‘मार्चनंतर बघू’ एवढेच ऐकायला मिळते. या भत्त्याला मुदतवाढ मिळते का? मिळत नसेल, तर इतकी वर्षे पगारातून कापलेल्या पैशांचे काय झाले? आईची मधुमेहाची औषधे ईएसआयच्या दवाखान्यातून मिळत असत. नोकरी गेल्यापासून आम्ही तिकडे जाणेही बंद केले आहे.
— एक वाचक, भोसरी

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्याबाबत उद्या सकाळीच काही करता येण्यासारखे आहे. नोकरी गेली म्हणून ईएसआयचे उपचार त्याच दिवशी बंद होत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर या वर्गणीच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर तिचा लाभ पुढच्या १ जानेवारी ते ३० जून या काळात मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा लाभ १ जुलै ते ३१ डिसेंबरपर्यंत असतो. आपण ऑगस्टअखेरपर्यंत कामावर होता, त्यामुळे आपले आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या आईंचे उपचार येत्या ३० जूनपर्यंत चालू राहायला हवेत. दवाखान्यात जाताना विमा क्रमांकाचे कार्ड सोबत न्या आणि खिडकीवर कोणी नकार दिला, तर तो नकार लेखी मागा. हाताशी पैसे नसताना औषधे बाहेरून विकत घेण्याची पाळी आपल्यावर यायला नको होती.

आता भत्त्याविषयी. आपल्याला मिळालेली रक्कम ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’ची आहे. ही योजना १ जुलै २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हा सरासरी वेतनाच्या केवळ २५ टक्के रक्कम मिळत असे. कोविडच्या टाळेबंदीनंतर, ऑगस्ट २०२० मध्ये, ती ५० टक्के करण्यात आली. नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबण्याची अट ३० दिवसांवर आली आणि जुन्या मालकामार्फत अर्ज पाठवण्याऐवजी कामगाराला थेट शाखा कार्यालयात अर्ज करण्याची मुभा मिळाली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. हा भत्ता संपूर्ण आयुष्यात मिळून ९० दिवसांचाच आहे. आपले ९० दिवस घेऊन झाले असतील, तर या योजनेतून मुदतवाढ मिळणार नाही, हे मला आपल्याला स्पष्टच सांगितले पाहिजे.

तथापि त्याच महामंडळाची आणखी एक, अधिक जुनी योजना आहे आणि तिचे नावही बहुतेक कामगारांच्या कानावर गेलेले नसते. १ एप्रिल २००५ पासून लागू असलेल्या ‘राजीव गांधी श्रमिक कल्याण योजने’त कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कामगार कपातीमुळे बेकार झालेल्या विमाधारकाला पूर्वी सहा महिने, नंतर बारा महिने आणि आता चोवीस महिन्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो : पहिली बारा महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के, पुढची बारा महिने २५ टक्के. त्या काळात कुटुंबाचे उपचारही चालू राहतात. वर्गणीच्या वर्षांची जी अट आहे, ती आपल्या अकरा वर्षांनी सहज पूर्ण होते. एकाच काळासाठी दोन भत्ते मिळत नाहीत. तेव्हा आपण आधी घेतलेले ९० दिवस कसे धरले जातील, हे शाखा कार्यालयाला लेखी अर्ज देऊन विचारा आणि अर्जाची पोच घ्या.

आपली खरी अडचण मात्र त्या छापील कागदात आहे. कामगार कपात आणि राजीनामा यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. कपात केली, तर मालकाला एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. म्हणजे आपल्या बाबतीत १६५ दिवसांचे वेतन, जवळपास साडेपाच महिन्यांचा पगार. राजीनाम्यावर सही झाली की ही भरपाई वाचते आणि कामगाराचा चोवीस महिन्यांच्या भत्त्याचा दावाही अडचणीत येतो. त्या एका सहीने मालकाचे किती वाचते आणि कामगाराचे किती बुडते, हे सही करणाऱ्याला त्या क्षणी कोणीही सांगत नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते. आपल्यासारखी पत्रे या सदराकडे पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांतील मजकूरही बहुधा हाच असतो.

म्हणून चौदाही जणांनी एकत्र येऊन कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्यावी, असा माझा सल्ला आहे. एकाच दिवशी, एकाच छापील मजकुराचे चौदा राजीनामे दिले गेले, हाच आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्या कागदाची प्रत, शेवटच्या महिन्यांच्या पगारपावत्या, हजेरीच्या नोंदी, कमी करण्यासंबंधी मोबाइलवर आलेले संदेश, जे असेल ते एकत्र करा. उशीर झाला, तर दावा कमकुवत होतो. ग्रॅच्युइटी हा मात्र वेगळा हक्क आहे. पाच वर्षांहून अधिक सेवा झालेली असल्याने राजीनामा दिलेला असला तरी ती मिळते. हिशेबाच्या कागदांत ती धरली आहे का, हे तपासून पाहा.

आपल्या पगारातून कापलेल्या पैशांविषयीचा आपला प्रश्न मला अतिशय रास्त वाटतो. जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी घेतली जाते. यातील मोठा भाग दवाखाने, रुग्णालये आणि आजारपणातील भत्त्यांसाठी असतो. तरीही महामंडळाकडे वर्षानुवर्षे मोठी शिल्लक साठत आली आहे. २०२० साली वाढीव भत्त्याची घोषणा झाली, तेव्हा सुमारे चाळीस लाख कामगारांना लाभ होईल असा अंदाज सांगितला गेला होता, आणि प्रत्यक्ष लाभार्थींची संख्या त्याच्या जवळपासही पोचली नाही. आधार क्रमांक जोडलेला नाही, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे, बँक खाते बंद पडले आहे, मालकाने नोंदीत नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही, अशा कारणांनी अर्ज अडकत राहिले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये अर्जासाठी प्रतिज्ञापत्र देण्याची अट काढून टाकली गेली, हे चांगले झाले. पण टाळेबंदीतला सर्वांत कठीण काळ तोपर्यंत सरून गेला होता. आपल्याकडे निधी आटत नाही, कामगाराचे दिवस संपतात. मला यातच या योजनेचा मूळ दोष दिसतो.

भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढण्याचा मार्ग अनेक जण सुचवतात. मार्च २०२० मध्ये तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांपैकी कमी असेल ती रक्कम काढण्याची सवलत दिली गेली आणि लाखो लोकांनी ती घेतली. गरज असेल, तर आपणही निधीतून पैसे काढावेत. मात्र ती आपल्याच म्हातारपणाची पुंजी आहे, तिला बेकारी भत्ता म्हणता येणार नाही. नुकसानभरपाई आणि ग्रॅच्युइटी यांचा निकाल लागेपर्यंत जमेल तितकी ती राखून ठेवावी.

प्रश्न : मी डेट्रॉईटजवळ राहतो. २००९ साली इथला मोटार उद्योग कोसळला, त्यात माझीही नोकरी गेली. बेकारी भत्ता मिळत होता, पण २०१० च्या उन्हाळ्यात तो मध्येच थांबला. नंतर थकलेली रक्कम मिळाली. तोवर घराचे हप्ते मात्र चुकले होते. एवढ्या श्रीमंत देशात नेमका मंदीतच हा भत्ता का अपुरा पडतो? भारताने यातून काय घ्यावे?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर : अमेरिकेत बेकारी विमा प्रत्येक राज्य आपापला चालवते आणि त्याचा पैसा मुख्यतः मालकांवरील करातून येतो. भरभराटीच्या वर्षांत दावे कमी असतात, निधी फुगतो, आणि हा कर उगाच घेतला जातो अशी तक्रार सुरू होते. राज्ये करांचे दर खाली ठेवतात. केंद्राचा कर तर कामगारामागे वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलरवरच आकारला जातो आणि ही मर्यादा १९८३ पासून तशीच आहे. मंदी आली की दावे अनेक पटींनी वाढतात आणि कर भरणारे कमी होतात. २००८ नंतर तिसाहून अधिक राज्यांचे निधी रिते झाले आणि त्यांना केंद्राकडून कर्ज काढावे लागले. मिशिगनने तर देशव्यापी मंदी सुरू होण्यापूर्वीच, २००६ साली, कर्ज काढायला सुरुवात केली होती.

नेहमीचा भत्ता बहुतेक राज्यांत २६ आठवड्यांचा होता. ३० जून २००८ रोजी केंद्राने तातडीची वाढीव योजना मंजूर केली आणि टप्प्याटप्प्याने, सर्व योजना मिळून, सर्वाधिक बेकारी असलेल्या राज्यांत ही मुदत ९९ आठवड्यांपर्यंत गेली. परंतु ती योजना थोड्या थोड्या महिन्यांसाठीच मंजूर होत असे. २०१० च्या जूनच्या सुरुवातीला तिची मुदत संपली, नव्या मंजुरीवरून सिनेटमध्ये वाद झाला आणि २२ जुलैपर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे, लाखो लोकांचा भत्ता अडून राहिला. आपले हप्ते चुकले, ते याच काळात. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारीचा दर १० टक्क्यांवर पोचला होता आणि पुढच्या उन्हाळ्यातही तो साडेनऊच्या आसपास होता, हे लक्षात घेतले की ही दिरंगाई किती अन्यायाची होती ते कळते. २८ डिसेंबर २०१३ रोजी ही योजना पूर्णपणे बंद झाली, तेव्हा सुमारे तेरा लाख लोकांचा भत्ता एका दिवसात थांबला.

राज्यांनी कर्ज फेडण्यासाठी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. मिशिगनने २०१२ पासून नव्या अर्जदारांसाठी २६ आठवड्यांचे २० केले. नॉर्थ कॅरोलायनाने जुलै २०१३ मध्ये कमाल साप्ताहिक भत्ता ५३५ डॉलरवरून ३५० डॉलरवर आणला आणि आठवडेही कमी केले. चांगल्या वर्षांत कमी कर भरला गेला त्याची वसुली पुढच्या बेकारांकडून झाली, असे मी यास म्हणेन.

घेण्यासारखी गोष्टही त्याच देशात आहे. १९७० च्या कायद्यानुसार राज्यातील बेकारीचा दर ठरावीक पातळीच्या वर गेला की भत्ता आपोआप १३ आठवड्यांनी वाढतो. त्यासाठी नवा कायदा, नवी घोषणा लागत नाही. यातही एक खोट होती. दर आधीच्या दोन वर्षांच्या तुलनेत १२० टक्के असला पाहिजे अशी अट होती, म्हणजे बेकारी दीर्घकाळ वरच्याच पातळीवर राहिली, तर ‘वाढ नाही’ म्हणून वाढीव भत्ता बंद पडण्याची वेळ येई. डिसेंबर २०१० मध्ये तात्पुरती तिसऱ्या वर्षाशी तुलना करण्याची मुभा द्यावी लागली.

तरीही मूळ कल्पना योग्य आहे आणि ती भारताने स्वीकारावी, असे माझे ठाम मत आहे. भत्त्याचे दिवस कॅलेंडरवर मोजून कायमचे ठरवू नयेत. ज्या जिल्ह्यात विमाधारक कामगारांची संख्या झपाट्याने घटते आहे, तिथे भत्त्याची मुदत आपोआप वाढावी. ही संख्या महामंडळाकडे दरमहा वर्गणीबरोबर येतच असते. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथील कारखान्यांत काय चालले आहे, हे महामंडळाला इतर कोणाच्याही आधी कळते. मंदी येण्यापूर्वी पैशाची सोय करून ठेवणे महाराष्ट्राला अपरिचितही नाही. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेसाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला आणि शहरातील पगारदारांच्या पैशातून गावातील मजुराच्या कामाची हमी उभी केली. जमलेला सगळा पैसा त्या कामी लागला नाही, ही तक्रार खरी आहे. तथापि मागेल त्याला काम देण्याचे बंधन सरकारने आधीच स्वतःवर घेतले होते, त्यामुळे दुष्काळ पडल्यावर मजुराला कोणाच्या घोषणेची वाट पाहावी लागली नाही.

प्रश्न : मी गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत कामाला आहे. पगारातून ईएसआय कापला जातो, परंतु ठेकेदार तो भरतो की नाही, याची शंका येते. कामे कमी होत आहेत. उद्या काढून टाकले, तर भत्ता मिळेल का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : आपली वर्गणी प्रत्यक्ष जमा झाली आहे की नाही, हे आपल्या विमा क्रमांकावर महामंडळाच्या संकेतस्थळावर किंवा उमंग ॲपवर महिनावार पाहता येते. आज रात्रीच पाहा. अटल योजनेसाठी नोकरी जाण्यापूर्वीची दोन वर्षे विमाकक्षेतील नोकरी असावी लागते; शेवटच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवस आणि त्याआधीच्या तीनपैकी एका वर्गणीकाळात किमान ७८ दिवस भरलेले असावे लागतात. मध्येच ठेकेदार बदलला आणि नव्याने दुसरा विमा क्रमांक काढला गेला, तर हे दिवस दोन ठिकाणी विखुरतात. तसे झाले असल्यास शाखा कार्यालयात दोन्ही क्रमांक जोडून घ्या. ठेकेदाराने वर्गणी भरली नसेल, तर ती भरण्याची जबाबदारी ज्या कंपनीत आपण प्रत्यक्ष काम करता त्या मूळ मालकावर येते. म्हणून तक्रारीत ठेकेदार आणि कंपनी या दोघांचीही नावे लिहा, सोबत कपात दाखवणाऱ्या पगारपावत्या जोडा, आणि हे सर्व नोकरी चालू असतानाच करा.