बडोद्यात झूलॉजी करतेय, बीएस्सीचं दुसरं वर्ष. पुढे काय करू आणि विचारू कोणाला?

आधी तुझ्याच डिपार्टमेंटच्या मॅडमना किंवा सरांना विचार. पण "पुढे काय करू?" असं मोघम नको. "मला माशांवर काम करायचंय, सुट्टीत लॅबमध्ये येऊ का?" असं विचार. मी घाबरत घाबरत असंच विचारलं होतं, आणि पहिला महिनाभर नुसत्या काचेच्या बाटल्या धुतल्या. पण त्या बाटल्यांमुळेच सरांना माझं नाव लक्षात राहिलं, आणि शिफारसपत्र तिथूनच मिळालं.

ते पत्र लागतंच. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात: दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम, वर विद्यावेतन. अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरायचा असतो, मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

एमएस्सीसाठी बायोटेक्नॉलॉजीची जॅम आणि गॅट-बी, या दोन्ही प्रवेश परीक्षा बघून ठेव. जॅम फेब्रुवारीत, शेवटच्या वर्षात असतानाच देता येते.

आणि फील्डवर्कला लांब कशाला जायचं? आपल्या विश्वामित्री नदीत भर शहरात मगरी आहेत. वही घे, पुलावरूनच बघ मात्र! तारीख, वेळ, किती दिसल्या, एवढं नियमित लिहिलंस तरी मुलाखतीत बोलायला स्वतःचं काहीतरी असेल.