‘चारित्र्य जपा’ हे मागे पडलेल्यांचं समाधान आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २७, गाव खानापूर तालुक्यात, डिप्लोमा झालाय, नोकरी बेळगावात. बरोबरचे पुण्याला नाहीतर बंगळूरला गेले आणि त्यांचं पॅकेज गावभर झालं. घरी आलेला पाहुणा चहाच्या आधी पगार विचारतो, स्थळं येऊन परत जातात. वर जो तो सांगतो, पैशापाठी पळू नको, चारित्र्य जप. तर हे मागे राहिलेल्याची समजूत काढायचं बोलणं आहे का?

बऱ्याचदा असतंच. ज्यांचं घर बांधून झालंय, पोरं मार्गाला लागलीत, तेच हे जास्त सांगतात. त्यामुळे आधी स्पष्ट बोलतो: पैसे मिळवा. वडिलांच्या गोळ्या, बहिणीचं लग्न, सोसायटीचा हप्ता, यातलं काही चारित्र्यावर भागत नाही. आणि संधीच आली नाही म्हणून जो साधा राहिला त्याला मी लगेच सज्जन म्हणणार नाही. त्याची परीक्षा अजून व्हायचीय.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, जॉबवर्क करतो. फाउंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला धातूचा भाग, येतं. आम्ही मशीनवर त्याचं बोअर (आतलं गोल भोक) मापात करून, फेसिंग, ड्रिलिंग करून चलनावर परत पाठवतो. तुम्ही याच लाइनीत असाल तर पुढचं लगेच कळेल, नसाल तर जरा सोसा.

अशा एकेका भागाला आम्ही जॉब म्हणतो. बाद झालेला जॉब दोनपैकी एका ढिगात जातो. सीआर म्हणजे कास्टिंगचाच दोष, आत ब्लोहोल म्हणजे हवेची पोकळी निघाली, वाळू निघाली. एमआर म्हणजे मशीनवर माप गेलं. सीआरचा भुर्दंड फाउंड्रीला. एमआरचा आमच्या बिलातून कापतात, आणि नुसती मजुरी नाही, कास्टिंगची किंमतसुद्धा. आता बोअर ४० मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या चाळीस हजारांश भागानं, मोठं झालं तर काय करायचं? जॉबवर कुठंतरी टाचणीएवढं ब्लोहोल शोधायचं, खडूनं त्याच्याभोवती गोल काढायचा आणि जॉब सीआरमध्ये सारायचा. समोरचा माणूस प्रत्येक बाद जॉबला बोअर गेज लावत बसत नाही. ही विद्या कुणाला शिकवावी लागत नाही.

माझ्याकडे येळ्ळूरकडचा एक पोरगा रात्रपाळीला लेथवर होता. सकाळी येऊन बघतो तर एमआरच्या ढिगात तीन जॉब, तिन्हींवर खडूनं आकडा लिहिलेला, कोणता किती मोठा झालाय तो. म्हणाला, "मालक, हे माझ्याकडनंच गेल्यात. कास्टिंग चांगलं हाय." मी चिडलो, दोन शब्द बोललोही. बिलातून पैसे गेले ते गेलेच. पण आकडे समोर होते म्हणून बघितलं, तर तिन्ही वेगवेगळे. सेटिंग चुकलं असतं तर तिन्ही सारखेच मोठे झाले असते. वेगवेगळे आले म्हणजे कुठंतरी खेळ आहे. टूलपोस्ट, म्हणजे लेथवर कापायचं हत्यार धरणारा भाग, उघडला, तर क्लॅम्पच्या बोल्टचे आटे गेलेले, आवळला तरी धरत नव्हता. ते जॉब सीआरमध्ये गेले असते तर मी फाउंड्रीशी फोनवर भांडत बसलो असतो आणि इकडे पुढचा लॉट तसाच बिघडत राहिला असता.

प्रामाणिकपणाचं फळ मिळालं असं मला यातून सांगायचं नाही. त्या पोराला बक्षीस मिळालं नाही, पगारही वाढला नाही. पुढं जास्त पैसे मिळतात म्हणून तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गेला, आणि बरोबर केलं. सांगायचंय ते एवढंच की त्या रात्री आपलं काम कसं झालंय हे त्याला ठाऊक होतं. जो वर्षानुवर्षं जॉब सीआरमध्ये सारतो, त्याला शेवटी कळेनासंच होतं की आपला हात खरंच चांगला आहे की आजवर निभावलंय. मला चारित्र्य समजतं ते इतकंच. आपलं खरं माप आपल्याला कळत राहिलं पाहिजे, तोट्यात जाऊनसुद्धा.

प्रतिष्ठेच्या मागे लागलं की पहिलं हेच जातं. लोकांना दाखवायचा आकडा वेगळा आणि आपला वेगळा. दाखवायचा इतक्या वेळा बोलला जातो की घरात हिशेबालासुद्धा तोच धरतात. बेळगावच्या आसपासच्या कुठल्याही खेड्यात बघा, रताळ्याची नाहीतर भाताची जमीन लेआउटला देऊन बंगला उठलेला असतो, दारात गाडी, वाढदिवसाला चौकात फ्लेक्स, त्यावर ‘युवा नेते’. जमीन विकणं पाप नाही. पण पाच वर्षांनी त्या घरात किती उरलंय हे त्या घरातल्यांनाच सांगता येत नाही, कारण मोजायची हिंमत नसते.

आणि प्रतिष्ठा दुसऱ्याच्या हातात असते हे आपल्या भागातल्या माणसाला सांगावं लागू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याच जिल्ह्यातलं चंदगड मुंबई राज्यात राहिलं, आपण इकडे आलो. कचेरीचा कारभार हळूहळू कन्नडमध्ये गेला. मराठी कागद फडाफडा वाचतो, अर्ज लिहून देतो म्हणून ज्यांची वट होती, ती वट त्यांचा काही दोष नसताना गेली. सुताराचा रंधा कोणत्या राज्यात चालतो हे मात्र कुणी विचारलं नाही. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मी १ नोव्हेंबरच्या निषेध फेरीत जातो, आणि दुसऱ्या दिवशी कन्नड गिऱ्हाइकाशी कन्नडमध्येच बोलतो. यात कमीपणा वाटणारे माझे काही मित्र आहेत. तुम्हाला कन्नड नीट येत नसेल तर शिकाच. नोकरी मिळत नाही याचं सगळं खापर भाषेवर फोडणं हेही एका परीनं जॉब सीआरमध्ये सारणंच झालं. सगळं नाही, पण काही भाग आपला एमआर असतो.

मोठ्या माणसांची उदाहरणं अशा ठिकाणी देतात, तर एक देऊन टाकतो. बेळगाव जिल्ह्यातल्या हुदलीचे गंगाधरराव देशपांडे, स्वातंत्र्यलढ्यातले. वतनदार घराणं. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असं ते एकमेव. त्याची उभारणी गंगाधररावांनी केली. अशा माणसाला मानपानाची ददात नव्हती, तरी त्यांनी गावात खादीचं काम उभं केलं. हुदलीत आजही खादी होते. पण खरं सांगू, हे उदाहरण तुमच्या-माझ्या फारसं कामाचं नाही. त्यांच्याकडे सोडायला काहीतरी होतं. आपल्याकडे ईएमआय आहे.

आपल्या उपयोगाची परीक्षा भिशीत होते. वीस जणांची, महिना दोन हजारांची धरा. पहिल्याच महिन्यात चिठ्ठी तुमच्या नावाची निघाली, चाळीस हजार हातात आले आणि खर्चही झाले. पुढचे एकोणीस महिने नुसतं भरायचं. ना कागद, ना सही, ना जामीन. शेवटच्या महिन्यांत उत्साह संपलेला असतो, आणि ज्याची चिठ्ठी सगळ्यात शेवटी निघते तो इतके महिने भरून त्याच पैशांची वाट बघत असतो. त्या शेवटच्या दोन हजारांना तुम्ही कसे वागता ते बघा. तारखेला देता, की "पुढच्या आठवड्यात देतो की" म्हणता? हे गावात कुणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात सगळ्यांच्या असतं. त्यापेक्षाही ते तुमच्या लक्षात असतं.

राहिला स्थळांचा प्रश्न, आणि मला वाटतं तुमचं खरं दुखणं तेच आहे. मध्यस्थ सांगेल, बायोडाट्यात पगार पाच-सात हजारांनी वाढवून लिहा, सगळेच लिहितात. ‘सुपरवायझर’ लिहा म्हणेल. मामाची जमीन आपल्यात धरा म्हणेल. लिहू नका. हातात येतात तेवढेच लिहा, ओव्हरटाइम वेगळा लिहा, घरावर कर्ज असेल तर पहिल्याच बैठकीत सांगा. याचा तोटा होणार. आधीच नकार येतायत, त्यात आणखी येतील, आणि आई तुमच्यावर चिडेल. तिला सांगा की आज सात हजार वाढवून लिहिले तर लग्नानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते सात हजार आणायचे कुठून, हे मध्यस्थ सांगणार नाही.