शून्यापासून स्पॅनिश शिकायचंय: कॉलेजात क्लास लावू की ॲपवर भागेल?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑगस्टमध्ये टेक्ससला येताय, एच-फोर व्हिसा असल्यामुळे सध्या नोकरी करता येणार नाही, तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात स्पॅनिशचा पहिला कोर्स घ्यावा का, मराठी माणसाला तो झेपतो का, आणि फोनवर ॲप फुकट असताना फी कशाला भरायची. मी सेम टू सेम याच परिस्थितीतून गेलेय म्हणून जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

घ्या कोर्स, नक्की घ्या. फक्त मला सहाव्या आठवड्यात जी गोष्ट कळली ती तुम्हाला आत्ताच सांगते: क्लास इंग्रजीतून असेल, पुस्तक इंग्रजीतून असेल, पण तुम्ही डोक्यात मराठीतून शिका.

आधी कोर्सचं थोडक्यात. टेक्ससच्या बहुतेक कम्युनिटी कॉलेजांत नंबर एकच असतो, स्पॅन १४११, बिगिनिंग स्पॅनिश वन, ४ क्रेडिट. आमचा क्लास सोमवार-बुधवार संध्याकाळी दोन-दोन तास, १६ आठवडे, म्हणजे हिशेब केला तर ६४ तास. इथलं परराष्ट्र खातं स्वतःच्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवतं तेव्हा वर्गातले ६०० ते ७५० तास धरतं, आणि ती माणसं दिवसभर तेवढंच करत असतात. त्यामुळे एका सेमिस्टरमध्ये फडाफडा बोलायला लागाल असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. वर्गात नर्सिंगची मुलं होती, डिग्रीला भाषा लागते म्हणून आलेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं होती, मेक्सिकन सून आलीय म्हणून शिकायला बसलेले एक रिटायर्ड आजोबा होते (सगळ्यात जास्त अभ्यास त्यांचा), आणि मी.

पहिले पाच आठवडे मी नुसती गटांगळ्या खात होते. माझी पद्धत अशी की मनात मराठी वाक्य यायचं, त्याचं इंग्रजी करायचं, मग त्या इंग्रजीचं स्पॅनिश, आणि तोपर्यंत प्रोफे पुढच्या माणसाकडे गेलेल्या असायच्या. (शिक्षकांना तिथे सगळे 'प्रोफे'च म्हणतात, आपल्या 'सर', 'मॅडम'सारखं.) एकदा 'मला भूक लागलीय' म्हणायचं होतं तर इंग्रजीवरून जाऊन 'सोय आम्ब्रे' म्हणाले. त्याचा अर्थ 'मी भूक आहे'. बरोबर वाक्य 'तेंगो आम्ब्रे', म्हणजे माझ्याकडे भूक आहे. आता बघा, मराठीतही भूक ही वस्तूच आहे ना, ती मला लागते, मी काही स्वतः 'भुकेली' बनून येत नाही. सरळ मराठीतून गेले असते तर निम्मं तरी बरोबर आलं असतं.

मग सहाव्या आठवड्यात 'गुस्तार' आलं. हे क्रियापद म्हणजे आवडणे. प्रोफेंनी फळ्यावर लिहिलं, 'मे गुस्ता एल काफे', आणि अख्ख्या वर्गाची गाडी तिथेच अडली. मला कॉफी आवडते, यात 'मी' कुठाय? कर्ता कोण? कॉफी कर्ता कशी असेल? पोरं सारखी 'यो गुस्तो' म्हणत होती, यो म्हणजे मी, आणि प्रोफे दरवेळी मान हलवत होत्या. जवळजवळ पाऊण तास गेला. मी मागच्या बाकावर बसून वहीत नुसतं लिहिलं: मे = मला, गुस्ता = आवडतं. खाली लिहिलं: मला आंबा आवडतो, मे गुस्ता एल मांगो. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. आंबा एक असेल तर आवडतो, जास्त असतील तर आवडतात, आणि त्यांच्याकडेही गुस्ता आणि गुस्तान, अगदी तस्संच! माझ्या आवडीला कुणी विचारतच नाही, क्रियापद आंब्याच्या मागे जातं. त्या दिवशी पहिल्यांदा मी वर्गात स्वतःहून हात वर केला.

त्यानंतर हा नादच लागला मला. 'मे दुएले ला काबेसा', माझं डोकं दुखतंय, इथेही दुखणारं डोकंच. 'मे पारेसे', मला वाटतं. दुकानात चप्पल घालून बघितली आणि ती होत नसेल तर 'नो मे केदान', आपण म्हणतो ना 'मला होत नाहीत', सेम. आणि ज्या नियमावर आजोबांनी कपाळाला हात लावला होता तो तर आपल्याला दुधाबरोबर मिळालाय: स्पॅनिशमध्ये घर बघितलं तर नुसतं घर, पण माणसाला बघितलं तर मध्ये एक 'आ' घालावा लागतो, 'वेओ ला कासा' पण 'वेओ आ मारिया'. पुस्तकात त्याला दीड पान दिलंय. मराठीत आपण 'मी घर बघते' म्हणतो आणि 'मी मारियाला बघते' म्हणतो, तो 'ला' म्हणजेच त्यांचा 'आ', झालं, पान उलटा. दुसऱ्या सेमिस्टरला भूतकाळाचे दोन प्रकार येतात, त्यात इंग्रजीवाले पार रडकुंडीला येतात, आपल्याला 'खेळले' आणि 'खेळायचे' यातला फरक शाळेत न जाताही कळतो. 'हुगे' म्हणजे खेळले, 'हुगाबा' म्हणजे खेळायचे. (यातला 'ह' घशातून काढायचा, ख आणि ह च्या मधला.)

कर्ता गाळणं पण तसंच. 'आब्लो' एवढं म्हटलं की 'बोलते' झालं, मी म्हणायची गरज नाही. तू आणि तुम्हीचं तर सांगायलाच नको. 'तू' हा शब्द त्यांच्यातही तूच आहे, अर्थासकट! आणि आदराने 'उस्तेद'. आमच्या प्रोफे कोलंबियाच्या, त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे बोगोताच्या बाजूला नवराबायकोसुद्धा एकमेकांना उस्तेद म्हणतात. वर्गातली पोरं फिदीफिदी हसली, मला माझी आजी 'अहो, ऐकलंत का' म्हणताना आठवली.

सगळ्यात भारी दिवस कुटुंबाच्या धड्याचा. फळ्यावर वंशवृक्ष काढलेला, आई, बाप, काका, मामा. इथे थोडी निराशा होते कारण काका, मामा, मावशीचे यजमान सगळे एकच, 'तिओ'. मी मनात म्हटलं काय ही गरिबी. मग उगाच खोडी म्हणून विचारलं, की माझे वडील आणि माझे सासरे यांचं एकमेकांशी नातं काय, त्याला तुमच्यात शब्द आहे का? इंग्रजीत तर धड नाहीये. प्रोफेंनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, 'कोन्सुएग्रोस!' व्याही!! आणि पुढे 'कोन्कुन्यादो' म्हणजे आपला साडू, बायकांमध्ये 'कोन्कुन्यादा', म्हणजे जाऊ. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन नवऱ्याला दारातच सांगितलं, त्याने फोनमधून मान वर न करता 'बरं' म्हटलं.

आता मराठी कुठे दगा देते ते पण सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसतं गुणगान करतेय. 'आहे'ला त्यांच्याकडे दोन शब्द, 'सेर' आणि 'एस्तार', आणि आपलं सगळं काम एका 'आहे'वर चालतं. मी एक जुगाड काढला होता: जिथे मराठीत 'असतो' बसेल तिथे सेर, जिथे 'झालाय' किंवा 'आत्ता आहे' बसेल तिथे एस्तार. बर्फ गार असतो, तिथे सेर. चहा गार झालाय, तिथे एस्तार. दहातल्या सात वेळा चालतं. मग कळतं की पार्टी माझ्या घरी आहे याला सेर लागतं पण आई माझ्या घरी आहे याला एस्तार, आणि मेलेल्या माणसालाही एस्तारच, 'एस्ता मुएर्तो', आता मेल्यावर त्याचं काय बदलायचं राहिलंय देव जाणे. हे पाठच करावं लागतं.

लिंगं दोनच आहेत, नपुंसक नाही, हे ऐकून सुटल्यासारखं वाटतं, पण आपल्याकडचं लिंग तिकडे उपयोगाचं नाही. ते टेबल, पण 'ला मेसा' स्त्रीलिंगी. तो हात, पण 'ला मानो' स्त्रीलिंगी, वर 'ओ'ने संपूनही. मात्र चांगला-चांगली-चांगले हे विशेषण बदलायची सवय अंगात असते, त्यामुळे 'बुएनो, बुएना, बुएनोस'ला त्रास होत नाही, इंग्रजीवाल्यांना तोही होतो.

जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा हे मला अजूनही नीट जमत नाही. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, तिथे 'आब्लो' मध्ये आधी जोर दिला तर 'बोलते', शेवटी दिला तर 'तो बोलला'. लिहिताना अक्षरावर एक छोटी तिरकी रेघ द्यायची असते, ती मी आळसाने सोडून द्यायचे. 'माझं कुटुंब' या निबंधात मी वडिलांवरची रेघ विसरले आणि पेपर परत आला तेव्हा लाल शाईने एक बटाट्याचं चित्र काढलेलं होतं. माझा बटाटा इंजिनियर आहे आणि त्याला क्रिकेट आवडतं. तेव्हापासून बाकी कुठे नाही तरी 'पापा'वर (शेवटी रेघ असली तर वडील, नसली तर बटाटा) रेघ देतेच.

उच्चार आपल्याला सोपे, पण एक सांभाळा: रोमन अक्षरं दिसली की आपण इंग्रजीच्या सवयीने ट-ड लावतो. ते त-द आहेत. ताको म्हणा, टाको नाही. रोमन 'एच' लिहितात पण म्हणत नाहीत, म्हणून नमस्कार म्हणजे 'ओला'. पहिल्या दिवशी प्रोफे दारातून 'ओला, ओला' करत आल्या तर माझ्या डोक्यात आधी टॅक्सी आली आणि मग न वाळलेला टॉवेल. साधा र आपलाच आहे, 'पेरो' म्हणजे 'पण', पण दुहेरी र लहानपणी तोंडाने मोटरसायकल चालवायचो तसा फिरवायचा, 'पेर्रो', म्हणजे कुत्रा. बाथरूममध्ये प्रॅक्टिस करा, शेजाऱ्यांचा विचार करू नका.

ॲपबद्दल. मी आधी तीन महिने ॲपच वापरलं होतं, रोजची साखळी न तोडता, आणि क्लासच्या पहिल्या दिवशी प्रोफेंनी 'कोमो ते यामास?' विचारलं, म्हणजे तुझं नाव काय, तर मला स्वतःचं नाव आठवेना. ॲपमध्ये चार पर्यायांतून बरोबर शब्द ओळखायचा असतो, वर्गात समोरचा माणूस बघत असतो आणि पर्याय कुणी देत नाही. आमच्या तोंडी परीक्षेत दोघांनी मिळून पाच मिनिटं बोलायचं होतं, माझा जोडीदार असा मुलगा ज्याच्या घरी आजी स्पॅनिश बोलते. त्याला सगळं कळायचं, मस्त बोलायचा, पण लिहिताना ब आणि व मध्ये घोळ, कारण त्यांच्यात दोन्हीचा उच्चार एकच आहे, आपल्याकडे न-ण आणि ऱ्हस्व-दीर्घाचं होतं ना तसं. मी त्याचं शुद्धलेखन तपासायचे, तो माझ्याशी हळू बोलायचा. असा पार्टनर पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा, ॲपच्या चित्रातल्या घुबडाकडून हे होत नाही.

पैशाचं: रेसिडेंट आणि नॉन-रेसिडेंट फीत बराच फरक असतो, तुमच्या व्हिसावर कुठली लागेल ते ॲडमिशनवाल्यांना आधीच ईमेलवर विचारा, म्हणजे लेखी राहतं. आणि पुस्तक सेकंडहँड मिळालं म्हणून खुश होऊ नका, ऑनलाइन होमवर्कसाठी कोड लागतो का ते आधी बघा. मी जुनं पुस्तक घेतलं आणि मग कोडसाठी पुन्हा वेगळे पैसे मोजले, कारण कोड एकदाच चालतो. यावर मी अजून चिडलेली आहे.

व्हेज असाल तर पहिल्या महिन्यात एक शब्द पाठ करा, 'मान्तेका', डुकराची चरबी. तामालेसमध्ये (मक्याच्या पिठात सारण भरून पानात गुंडाळून वाफवतात ते) आणि घोटलेल्या राजम्यातही ती बऱ्याचदा असते, 'सिन मान्तेका?' विचारायचं, म्हणजे तिच्याशिवाय आहे का.

त्यावरूनच शेवटचं, मराठीतून विचार करा हा माझा सल्ला जिथे माझ्यावरच उलटला ते. डिसेंबरमध्ये इथे घरोघरी डझनाने तामालेस आणतात, मीही एका छोट्या दुकानात जाऊन स्पॅनिशमधून दोन डझनांची ऑर्डर दिली, चरबीचं विचारलं, काकूंना सगळं कळलं, मी हवेत. मग फोन नंबर सांगितला. शेवटचे आकडे ४२. स्पॅनिशमध्ये चाळीस आणि दोन, 'कुआरेन्ता इ दोस', पण बेचाळीसमध्ये बे आधी येतो ना, तर मी दोन आधी धरून छान आत्मविश्वासाने 'वेइन्तिकुआत्रो' सांगून आले, चोवीस. दुसऱ्या दिवशी फोन येईना म्हणून स्वतःच गेले तर काकू म्हणाल्या त्यांनी दोनदा फोन केला होता, कुणीतरी पुरुष उचलतो आणि इंग्रजीत सांगतो की त्याने तामालेस मागवलेच नाहीत.