हिमालयन घ्या, पण २०२८ च्या दहा लाखांवर विसंबू नका

सोलापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘वय ३८. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. पगार हातात ६२,००० येतो. घरी बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. घरखर्च ३८,०००, होम लोनचा हप्ता ११,५००, तो मार्च २०२७ ला संपेल. एफडी २ लाख २० हजारांची. दरवर्षी दिवाळीला ५०,००० बोनस मिळतो, यंदाचा अजून खात्यातच आहे. माझ्याकडे रॉयल एनफिल्डची २०१८ ची हिमालयन ४११ मोटरसायकल आहे, ती देऊन नवी ४५० घ्यायची आहे. जूनअखेर मित्रांबरोबर हिमाचलमधल्या स्पितीला जायचं ठरलंय. ऑन रोड ३ लाख ८५ हजारांचं कोटेशन आहे, जुन्या गाडीचे ८५,००० देतात. उरलेल्या ३ लाखांचं लोन तीन वर्षांचं घेऊ की पाच? थोडी ओढाताण होईल. पण बँकेतल्या योजनेत वर्षाला १ लाख भरतोय, जानेवारी २०२८ ला डबल होऊन १० लाख येतील, तेव्हा लोन एकरकमी बंद करीन. ग्रुपवर निम्मे म्हणतात ४११ विकू नको, निम्मे म्हणतात ४५० घे, एक जण केटीएम ३९० ॲडव्हेंचरच्या मागे लागलाय. काय करू?’

आधी गाडीचं बोलू. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली ४५० ही जुन्या गाडीला नवा रंग मारून आणलेली नाही. इंजिन पूर्ण नवं आहे. जुन्यात ४११ सीसी, साधारण २४ बीएचपी ताकद आणि पाच गिअर. नव्यात ४५२ सीसी, सुमारे ४० बीएचपी, सहा गिअर आणि रेडिएटर. टाकी १५ लिटरची १७ झाली. तुमच्या ग्रुपमधली दोन्ही मतं मला खरीच वाटतात, कारण ती वेगवेगळ्या रस्त्यांवर बनलेली आहेत. ‘खालच्या आरपीएमला जुनी जास्त ओढते’ असं म्हणणारा मातीत, चढावर, गर्दीत हळू चालवणारा असणार. ‘नवी शंभरच्या पुढेही त्रास देत नाही’ म्हणणारा पुणे हायवेवरचा. तुम्ही स्वतः लिहिलंय की महिन्यातून एकदा पुण्याला जाता आणि अधूनमधून तुळजापूरला. या वापराला नवी गाडी बरी, यात शंका नाही. ३९० ॲडव्हेंचर २०२५ मध्ये नव्याने आली, ताकद तिची थोडी जास्तच. पण दोन्हीची सीट उंच आहे, तेव्हा कोणाच्या मतापेक्षा एकदा बसून दोन्ही पाय जमिनीला किती टेकतात ते बघा. गाडीबद्दल मला एवढंच सांगायचं आहे.

कारण पत्रातल्या एका वाक्याने मी थांबलो. ‘बँकेतल्या योजनेत डबल.’ वर्षाला एक-एक लाख करून पाच लाख भरायचे आणि पाचव्या वर्षाअखेर दहा लाख घ्यायचे, म्हणजे सरासरी तीन वर्षांत पैसे दुप्पट. व्याज पडतं वर्षाला २४ टक्क्यांच्या आसपास. अशी हमी देशातली कुठलीही बँक देत नाही, देऊ शकत नाही. म्हणून मी तुमच्याकडून कागदाचे फोटो मागवले.

तुम्ही दोन फोटो पाठवलेत. एक माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूचा. त्यावर निळ्या पेनाने लिहिलंय, ‘५ वर्षे – डबल’, खाली दोन रेघा. दुसरा बॉण्डच्या, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदाच्या पहिल्या पानाचा. त्यावर छापलंय: हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं, विमा रक्कम १० लाख, सुरुवात १८ जानेवारी २०२३. ही एफडी नाही, एफडीसारखीही नाही. ही बोनस मिळणारी एन्डोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी आहे. जानेवारी २०२८ ला तुम्हाला दहा लाख मिळणार नाहीत, उलट सहावा हप्ता भरा म्हणून मेसेज येईल. पैसे मिळतील जानेवारी २०४३ ला. तेव्हा तुमची मुलगी सव्वीस वर्षांची असेल.

तुम्ही फोनवर म्हणालात की पॉलिसी देण्याआधी विमा कंपनीचा कॉल आला होता, तुम्ही लूमच्या खडखडाटात उभे होता आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हो हो’ म्हणून मोकळे झालात. तो कॉल रेकॉर्ड केलेला असतो आणि तक्रार केली की तोच पुढे ठेवतात. तरी या फसवणुकीचा दोष मी तुम्हाला देणार नाही. काउंटरपलीकडच्या ओळखीच्या माणसाने एफडी मोडायला लावून वीस वर्षांची पॉलिसी गळ्यात घालायची, हा प्रकार इतक्या पत्रांतून वाचतो की आता संताप येतो.

मग वीस वर्षांनी तरी किती मिळतील? विमा रकमेच्या दर हजारी वर्षाला ४५ रुपये बोनस धरला, तर वर्षाला ४५ हजार, वीस वर्षांचे ९ लाख. विम्याचे १० मिळवून १९ लाख. व्याज पडलं सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. हेच दहा हप्ते ७.१ टक्क्यांच्या पीपीएफमध्ये भरून वीस वर्षं ठेवले असते, तर २९ लाखांच्या पुढे गेले असते. ‘कर वाचतो’ असंही तुम्हाला सांगितलं होतं. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांच्या उत्पन्नापर्यंत आता करच नाही आणि त्या प्रणालीत ८०सी ची वजावटही नाही. तुमच्या बाबतीत तो मुद्दाच संपला.

पण व्याजापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या आकड्याची. तुम्हाला काही झालं, तर वहिनींच्या हातात १० लाख येतील. सात टक्क्यांनी त्याचं महिन्याचं व्याज ५,८००. घरखर्च ३८,०००. याशिवाय दुसरा कुठलाही विमा तुमच्या पत्रात नाही. गाडीच्या इन्शुरन्सबरोबर मालक-चालकाला १५ लाखांचं कवच मिळतं, पण ते फक्त अपघातासाठी. आजाराने माणूस गेला तर त्याचा उपयोग नाही. असं घर मागे ठेवून तुम्ही दोन हजार किलोमीटरवरच्या घाटरस्त्यांवर जाणार आहात. प्रवासाला माझी ना नाही. मात्र एक कोटीची साधी टर्म पॉलिसी, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, घेतल्याशिवाय निघू नका. ३८ वर्षांच्या, व्यसन नसलेल्या माणसाला साठीपर्यंत वर्षाला १६ ते २० हजार पडतात. अर्जात मोटरसायकलच्या लांबच्या सहली विचारल्या तर खरं लिहा.

२२ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. ३५० सीसीच्या वरच्या मोटरसायकलींवरचा कर २८ टक्के आणि ३ टक्के सेस होता, तो सरळ ४० टक्के जीएसटी झाला. आणि वैयक्तिक टर्म विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. तुमच्या यादीतल्या दोन्ही गाड्या पहिल्या गटातल्या. तुमच्या घरात जे नाही, ते दुसऱ्या गटातलं.

आता जुन्या पॉलिसीचं काय करायचं? ‘तीन लाख भरलेत, आता सोडली तर नुकसान’ हे वाक्य तुमच्या मनात आलंच असेल. ते नुकसान होऊन गेलेलं आहे. बघायचं ते पुढच्या सात लाखांचं. हप्ते चालू ठेवले तर शेवटी १९ लाख. पॉलिसी सरेंडर करून, म्हणजे मुदतीआधीच बंद करून, दीड लाख आले असं धरा, ते आणि पुढचे सात हप्ते पीपीएफमध्ये टाकले तर त्याच मुदतीला २३ लाख. त्या लाखातूनच टर्मचे १८ हजार भरले आणि ८२ हजारच टाकले, तरी वीसच्या जवळ आणि वर एक कोटीचं कवच. सात वर्षांनंतर टर्मचा हप्ता पगारातून काढावा लागेल, तेवढं धरून चाला. पॉलिसी पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर १० लाखांचे तीन दशांश, म्हणजे ३ लाख आणि जमा झालेला बोनस २०४३ ला मिळेल. हिशोब सरेंडरच्या जवळपासच येतो. पण तुमची अडीअडचणीची गंगाजळी तोकडी आहे, म्हणून माझा कल सरेंडरकडे.

मात्र उद्याच बँकेत जाऊन सही करून येऊ नका. तुमच्या काळातल्या पॉलिसींना तिसऱ्या वर्षात सोडल्यास भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्क्यांची हमी होती आणि चौथ्यापासून सातव्या वर्षापर्यंत ५० टक्क्यांची. तीन लाखांवर हा फरक १ लाख ५ हजार आणि दीड लाख असा पडतो. १८ जानेवारीला चौथं वर्ष लागतं. बॉण्डच्या मागच्या पानांत सरेंडरचा तक्ता असेल, तो तपासा. दोन महिने थांबण्याचे ४५ हजार मिळत असतील, तर थांबायचं.

तक्रारही कराच. आधी विमा कंपनीकडे लेखी, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर, तरी दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. निळ्या पेनाचं ते माहितीपत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. पूर्ण हप्ते परत मिळतीलच असं मी सांगणार नाही, पण तुमच्या हातातला तोच एक पुरावा आहे.

लोन तीन वर्षांचं की पाच, याचं उत्तर: आत्ता कुठलंच नाही. ६२ हजारांतून घरखर्च, होम लोन आणि पॉलिसीचे महिन्याचे ८,३०० गेले की ४,२०० उरतात. ११ टक्क्यांनी ३ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता साडेसहा हजार, तीन वर्षांचा पावणेदहा. पाच वर्षांत व्याजच ९० हजार. पेट्रोल आणि सर्व्हिसिंग वेगळं. आणि ज्या पैशांनी हे फेडणार होता, ते येणारच नाहीत.

माझ्या मते असं करा. स्पिती सोडू नका, याच ४११ वर जा. २०१६ मध्ये ही गाडी बाजारात आली ती अशाच रस्त्यांसाठी. यंदाच्या बोनसमधले २५ हजार तिच्यावर घाला: चेन-स्प्रॉकेट, हँडलचे बेअरिंग, ब्रेक पॅड, दोन्ही टायर. उरलेले २५ हजार सहलीला आणि कमी पडतील ते जूनपर्यंत बाजूला टाकत राहा. पॉलिसीचे ८,३०० सुटले की त्यातून टर्म आणि पीपीएफ. राहिलेल्या ४,२०० तून तिघांचा आरोग्य विमा, महिन्याला १,६०० च्या आसपास. कंपनीचा मेडिक्लेम नोकरी सुटली की जातो. सरेंडरचे पैसे एफडीत घाला, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर जमेल. सहा-सात महिन्यांचा खर्च आणि हप्ता त्यात निघतो. गाडीसाठी ती एफडी मोडायची नाही.

मार्च २०२७ ला होम लोन संपलं की ११,५०० मोकळे होतात. वर्षभराचे १ लाख ३८ हजार. त्यात पुढच्या दोन दिवाळ्यांचे बोनस १ लाख, दरमहा उरणारे अडीच हजार सहलीला न लागता साठले असं धरलं तर साधारण ६५ हजार आणि जुन्या गाडीचे तेव्हा ७० हजार. २०२८ च्या गुढीपाडव्याला पावणेचार लाख होतात. किंमत थोडी चढलेली असेल, तर वरचे वीस-तीस हजार दोन-तीन महिने थांबून घाला. शोरूममधून गाडी निघेल ती कर्जाशिवाय.

आज करायचं काम एकच. पॉलिसीचा हप्ता खात्यातून आपोआप कटतो असं तुम्ही म्हणालात. ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या धामधुमीत १८ जानेवारीला चौथा लाख कापला जाईल आणि तुम्हाला चार दिवसांनी कळेल. या आठवड्यात शाखेत जा, ऑटो डेबिट थांबवण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. विमा कंपनीकडून सरेंडरचे दोन आकडे लेखी मागा, आजचा आणि १८ जानेवारीनंतर चौथा हप्ता न भरता मिळणारा. ते आले की मला पाठवा. सरेंडर की पेड-अप, हे ते दोन कागद पाहून नक्की करू.