युरोपातलं क्रीडा धोरण: कुठलं दार बंद, कुठलं उघडं

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगी राज्यशास्त्र घेऊन टी.वाय.ला आहे. शाळेपासून खो-खो खेळते, दोनदा राज्य स्पर्धेत उतरली आहे. आता तिने मनात घेतलंय की युरोप परिषदेत क्रीडा धोरणावर काम करायचं. एका कन्सल्टंटने युरोपातल्या खासगी कॉलेजचा एक वर्षाचा स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा कोर्स सुचवलाय. खर्च २२ लाख, आणि ‘युरोपियन क्रीडा संस्थेत इंटर्नशिप नक्की’ असं सांगितलंय. जागा धरायला ५० हजार आत्ताच भरा म्हणतात. घर तारण ठेवून कर्ज काढावं का? आणि मुळात हे काम असतं तरी काय?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. घर तारण ठेवू नका आणि ते ५० हजारही भरू नका. मुलीचा विचार मात्र वाऱ्यावरचा नाही. काम खरं आहे, त्याचं शिक्षणही आहे. फक्त तिने ज्या दारावर बोट ठेवलंय, नेमकं तेच भारतीय नागरिकाला बंद आहे. बाजूची तीन-चार दारं उघडी आहेत, पण त्यांची तयारी वेगळी.

आधी एक घोळ मिटवू. युरोप परिषद वेगळी आणि युरोपियन युनियन वेगळी. युरोप परिषद स्ट्रासबर्गला, ४६ देशांची. तिचं हत्यार म्हणजे करार. ‘सर्वांसाठी खेळ’ ही सनद तिने १९७५ साली काढली, १९९२ साली युरोपीय क्रीडा सनद आणली आणि २०२१ साली ती सुधारली. डोपिंगविरोधी करार १९८९चा. सामन्यांतल्या फिक्सिंगविरुद्धचा मॅकोलिन करार २०१४चा, तो लागू झाला २०१९ साली. या सगळ्याला सरकारांचं बसायचं ठिकाण म्हणून २००७ साली ‘ईपास’ ही व्यवस्था झाली. तिथे देश आपापल्या मर्जीने सामील होतात आणि क्रीडा संघटनांचंही म्हणणं ऐकलं जातं.

युरोपियन युनियन २७ देशांची. खेळाचा विषय तिच्या हातात रीतसर आला तो लिस्बन करारातल्या कलम १६५ने, १ डिसेंबर २००९पासून. तोही अर्धाच: सदस्य देशांना मदत करता येते, त्यांचे कायदे एकसारखे करता येत नाहीत. तुमची मुलगी राज्यशास्त्राची आहे, तिला हे चटकन कळेल. आपल्याकडेही खेळ राज्यसूचीत, नोंद क्रमांक ३३. केंद्राची पकड येते ती योजना आणि निधीतून. युनियनचंही तसंच. काही वर्षांची कार्ययोजना ठरते, सध्याची २०२४ ते २०२७ची, आणि इरॅस्मस प्लस या युनियनच्या शिक्षण-युवक-क्रीडा योजनेतून क्रीडा प्रकल्पांना पैसा जातो.

सरकारं यात का पडतात? युरोबॅरोमीटर या युनियनच्या जनमत पाहणीत २०२२ साली ४५ टक्के लोकांनी सांगितलं की आपण कधीच व्यायाम करत नाही, खेळतही नाही. म्हणजे आरोग्याचा खर्च. त्याशिवाय निर्वासितांना वस्तीत सामावून घेणं, मुलींचा मैदानावरचा टक्का, अपंगांसाठी सोयी, क्लबमधली मुलांची सुरक्षितता हे सगळं याच खात्यात येतं. पदकांचा हिशेब तिथे जवळपास नसतो. तो ज्याला करायचाय, त्याने या वाटेला न गेलेलं बरं.

कामाचं स्वरूप कळायला एक करार जवळून बघू. २९ मे १९८५ला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये दंगल झाली, भिंत कोसळली, ३९ माणसं गेली. ऑगस्टमध्येच प्रेक्षकांच्या हिंसाचाराविरुद्धचा करार सह्यांसाठी तयार होता. त्याचा रोख गुंडगिरी रोखण्यावर: दोन्हीकडचे चाहते वेगळे ठेवा, दारू आवरा, पोलीस वाढवा. पुढे १९८९ साली शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात गर्दी चेंगरली. त्या दुर्घटनेतल्या मृतांचा आकडा आज ९७ आहे. तिथे हाणामारी नव्हतीच. प्रेक्षकांनी मैदानात घुसू नये म्हणून लावलेलं कुंपणच त्यांच्या सुटकेच्या आड आलं. हा धडा कागदावर यायला बराच काळ गेला. ३ जुलै २०१६ला सेंट-डेनिसला नवा करार मांडला गेला आणि त्यात तीन गोष्टी बरोबरीने आल्या: इमारत आणि गर्दीची सुरक्षितता, पोलीस बंदोबस्त आणि प्रेक्षकांची सोय. सोय म्हणजे गेट किती वाजता उघडणार हे आधी सांगणं, पाणी, संडास, रस्ता दाखवणारी माणसं. ती चैन म्हणून घातलेली नाही. कुठून आत जायचं हे ज्याला माहीत नाही, तो पुढे रेटतो.

धोरणवाला इथे काय करतो? कोणती जबाबदारी कुणाची, याचा तक्ता करतो: स्टेडियमचा मालक, आयोजक, पोलीस, पालिका, रुग्णवाहिका. देशाने भरून पाठवलेली प्रश्नावली वाचतो, तज्ज्ञांबरोबर पाहणीला जातो, कुठे दोघांना वाटतंय की हे काम दुसऱ्याचं, ते शोधतो आणि शिफारशी लिहितो. दिवसाचा बराचसा वेळ मसुदे, दुरुस्त्या आणि बैठकीची इतिवृत्तं यांत जातो. मुलीला हे वाचून कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं चांगलं. आणि याची गरज फक्त युरोपलाच आहे असं समजू नका. ४ जून २०२५ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. प्रवेश पासवर की फुकट, कुठल्या गेटने, याचा गोंधळ होताच.

आता बंद दार. युरोप परिषदेत नोकरीला सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. भारत सदस्य नाही. युरोपियन कमिशन म्हणजे युनियनचा कारभार चालवणारी यंत्रणा. तिच्या कायम पदांनाही साधारणपणे युनियनचं नागरिकत्व लागतं. कमिशनच्या पाच महिन्यांच्या ‘ब्लू बुक’ प्रशिक्षणात बाहेरच्या देशांतली थोडी मुलं घेतात, पण त्या भरवशावर २२ लाख लावायचे नसतात. त्यामुळे कन्सल्टंटची ‘युरोपियन क्रीडा संस्था’ म्हणजे नेमकी कोण, हा पहिला प्रश्न. एखाद्या गावचा जिम्नॅस्टिक क्लबसुद्धा युरोपियन क्रीडा संस्थाच असतो.

उघडी दारं अशी. पॅरिसला युनेस्को, तिथेच २००५च्या डोपिंगविरोधी आंतरराष्ट्रीय कराराचं काम चालतं आणि भारत त्यात आहे. लंडनला राष्ट्रकुल सचिवालय. माँट्रियलला ‘वाडा’, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्था. लोझान आणि आसपास ऑलिंपिक समिती, क्रीडा लवाद आणि पन्नासहून अधिक आंतरराष्ट्रीय संघटना आहेत, पण स्विस वर्क परमिट भारतीयाला मिळणं अवघड. मालकाला दाखवावं लागतं की तिथला किंवा युनियनमधला माणूस मिळाला नाही. आणि शेवटचं दार आपल्याच घरचं, माझ्या मते सगळ्यात मोठं. २०२२चा राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायदा झाला, २०२५ साली राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आहे, लवाद आहे, संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला हव्यात आणि खेळाडूंच्या सुरक्षिततेचं धोरण करणं भाग आहे. ही धोरणं कोणीतरी लिहिणार, तपासणार. लिहिता येणारी माणसं आपल्याकडे मोजकी.

म्हणून ‘स्पोर्ट्स मॅनेजमेंट’ अशी सरसकट पदवी नको, एक विषय पकडायला सांगा. फिक्सिंग आणि सट्टा हा एक. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं की मॅच फिक्सिंग म्हणजे कलम ४२०ची फसवणूक होत नाही, त्यामुळे आपल्या कायद्यातली फट उघडीच पडली. मॅकोलिन करारही वाटतो तितका गुळगुळीत नाही: बेकायदा सट्ट्याची व्याख्या माल्टाला पटली नाही आणि युरोपियन युनियनचा सामील व्हायचा रस्ता त्यावरून अडला. या विषयाला कायद्याची बैठक लागते. एलएलबी करायची तयारी असेल तरच घ्यावा. गर्दीची सुरक्षितता हा दुसरा, पण तिथे अभियांत्रिकी किंवा पोलीस-प्रशासनाच्या पार्श्वभूमीचे लोक पुढे असतात. तुमच्या मुलीला तिसरा शोभेल: खेळातली स्त्री-पुरुष समानता आणि खेळाडूंची सुरक्षितता. युरोप परिषद आणि युनियनने मिळून ‘ऑल इन’ नावाचा प्रकल्प केला. त्यात नेतृत्व, प्रशिक्षण, सहभाग, लैंगिक हिंसाचार आणि प्रसारमाध्यमं असे भाग पाडून देशोदेशीचे आकडे जमवले. तुमच्या मुलीने मैदान आतून पाहिलंय आणि राज्यशास्त्रही शिकलीय. ही जोडी कामाची आहे.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर जर्मनीत कलोनचं क्रीडा विद्यापीठ पाहा, ‘इंटरनॅशनल स्पोर्ट डेव्हलपमेंट अँड पॉलिटिक्स’ हे एम.ए. तिथे इंग्रजीतून आहे. ते सरकारी विद्यापीठ आहे. त्या राज्यात शिकवणी शुल्क नाही, दर सत्राला सुमारे ३०० युरोचं अंशदान. खर्च राहण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे साधारण १२ लाख रुपये. ते गिळंकृत होत नाहीत, दरमहा ९९२ युरो तिलाच परत मिळतात. त्याआधी एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं जर्मनीच्या बाजूने तपासल्याचं प्रमाणपत्र; याला कधी कधी महिने लागतात आणि मुलं इथेच अडकतात, म्हणून शेवटच्या सत्राची गुणपत्रिका हातात येताच अर्ज करा. आपली तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. प्रवेश विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं ‘हो’ पुढे उपयोगी पडत नाही.

दुसरा पर्याय इरॅस्मस मुंडस, म्हणजे अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेले, युनियनच्या पैशावरचे पदव्युत्तर अभ्यासक्रम. बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठाने इतरांबरोबर चालवलेला क्रीडा नीती आणि सचोटीचा दोन वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम याच प्रकारचा. शिष्यवृत्ती मिळाली तर फी नाही, वर महिन्याला १,४०० युरो. त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या जागा आहेत का, हे अर्जाआधी पाहायचं. स्पर्धा तीव्र असते, आणि केवळ गुणांवर निवड होत नाही. हेतुपत्रात ‘मला लहानपणापासून खेळाची आवड आहे’ असं लिहिणारे शेकड्यांनी असतात.

तिचं वेगळेपण दिसेल असं एक काम या वर्षातच करून घ्या. आपल्या जिल्ह्यातल्या खो-खोचा आठ पानी इंग्रजी अहवाल, ‘ऑल इन’च्या धर्तीवर: मुलींचे संघ किती, त्यांच्याबरोबर महिला प्रशिक्षक किती, जिल्हा संघटनेच्या कार्यकारिणीत महिला किती, तक्रार करायची सोय आहे का. माहितीसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून संघांचा एक अर्ज आणि अनुदानाचा दुसरा. ‘महिला प्रशिक्षक कमी का?’ असं विचारू नये. नोंदीत असलेलीच माहिती मिळते. ‘गेल्या तीन वर्षांच्या जिल्हास्तर शालेय खो-खो स्पर्धेच्या प्रवेशिकांच्या प्रती’ असं मागावं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. संघटना ‘आम्हाला हा कायदा लागू नाही’ म्हणाली, तर तिने कार्यालयाला दिलेली कागदपत्रं कार्यालयाकडून मागता येतात. आकडे लहान असतील तर नुसती टक्केवारी देऊ नये. ‘५० टक्के महिला प्रशिक्षक’ लिहिलं आणि मूळ आकडा चारातले दोन निघाला, तर वाचणाऱ्याचा बाकी अहवालावरचाही विश्वास जातो.

भाषेचं सोडू नका. स्ट्रासबर्ग, पॅरिस, लोझान तिन्हीकडे फ्रेंच. कामाला बी-टू, म्हणजे अडखळत न बोलता-लिहिता येण्याची पातळी हवी, आणि शून्यापासून तिथे जायला नियमित अभ्यास केला तरी दीड-दोन वर्षं धरा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि अलियाँस फ्राँसेज. कलोनचं एम.ए. इंग्रजीतून असलं तरी तिथे अर्धवेळ काम मिळवायला जर्मन लागतंच.

आणखी एक, घरची बाजू म्हणून. खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या नोकऱ्यांत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. तिची प्रमाणपत्रं त्यात बसतात का, हे विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून पडताळून घ्या. नुसता सहभाग बहुधा पुरत नाही, क्रमांक लागतो. तालुका क्रीडा अधिकाऱ्याच्या जाहिरातीतल्या अटीही वाचून ठेवाव्यात.

कन्सल्टंटला मात्र या आठवड्यात ईमेल करा, फोन नको. विचारा: पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि त्या देशाच्या सरकारी यादीत ते आहे का, इंटर्नशिप देणाऱ्या संस्थेचं नाव काय आणि तिचं पत्र दाखवाल का, व्हिसा नाकारला तर ५० हजारांतले किती, किती दिवसांत परत, आणि कॉलेजकडून तुम्हाला कमिशन मिळतं का. आलेली उत्तरं मुलीलाच वाचायला द्या आणि कॉलेजचं नाव तिला त्या देशाच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः शोधू द्या.